वादळानंतर कोणाची लाईन आधी?

मे महिन्यातले वादळ अर्ध्या तासाचे असते. आधी पश्चिमेकडून धुळीची भिंत चालत येते, मग वारा, मग चार टपोरे थेंब. कधी तेही नाहीत. वादळ निघून जाते आणि त्या अर्ध्या तासाचा हिशेब गाव पुढे आठ-पंधरा दिवस चुकवीत बसते. पिठाची गिरणी बंद. नळयोजनेच्या विहिरीवरची मोटार बंद, म्हणजे बायाबापड्यांच्या डोक्यावर पुन्हा हंडा. ज्याने विहिरीच्या भरवशावर मान्सूनपूर्व कपाशी टोबली, त्याचे अंकुर ठिबकच्या नळ्यांशेजारी सुकत असतात. आणि सात-आठ कोसांवरच्या तालुक्याच्या गावात त्याच रात्री दिवे लागलेले आपल्या बांधावरून दिसतात.

अशा वेळी गावात जी बोलणी होतात ती आम्ही गेली वीस वर्षे ऐकत आलो आहोत. ‘वायरमन पैसे मागतो.’ ‘आपण अमक्याला मत दिले नाही म्हणून.’ ‘मुद्दाम करतात.’ यातले काही खरे असेलही. पण सगळा राग तेवढ्यावर खर्च झाला की भांडण चुकीच्या माणसाशी, चुकीच्या जागी आणि चुकीच्या दिवशी होते. वादळानंतर लाईन चालू करण्याला एक क्रम असतो. तो जगभर जवळजवळ एकच आहे, आणि त्यात काही लबाडी नाही. लबाडी आहे ती दुसरीकडे. ती कोठे हे कळण्यासाठी आधी क्रम समजून घेतला पाहिजे.

कालव्याचे पाणी आपल्या कोरडवाहूवाल्यांच्या नशिबी नाही, पण कालवा आपण पाहिलेला आहे. मुख्य कालवा, त्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पोटचारी. विजेचेही तसेच. २२० आणि १३२ केव्ही म्हणजे लाखांच्या व्होल्टची उंच मनोऱ्यांवरची लाईन, ती महापारेषणची. तिथून ३३ केव्हीची लाईन निघून आपल्या भागातल्या सबस्टेशनला येते. सबस्टेशनातून ११ केव्हीचे फीडर निघतात. फीडरवरून फाटे फुटतात, फाट्यावर डीपी, आणि डीपीवरून चार-पाच-दहा मोटारींच्या लघुदाबाच्या तारा. मुख्य कालवा फुटलेला असताना आपली पोटचारी साफ करून उपयोग काय? म्हणून दुरुस्ती वरून खाली येते. आपल्या बांधावरचा खांब पहिल्या दिवशी उभा केला तरी मागे सबस्टेशनलाच वीज नसेल तर तो खांब पक्षी बसायच्या कामाचा.

दुसरा हिशेब माणसांचा. समजा एका टोळीला दिवसाकाठी चार खांब उभे करता येतात. ३३ केव्हीच्या लाईनचे चार खांब उभे केले की सबस्टेशन चालू होते आणि वीस गावांत उजेड पडतो. गावठाण फीडरचे चार खांब उभे केले की एखाद-दोन गावे चालू होतात. तेच चार खांब शेतातल्या फाट्यावर उभे केले तर चालतात सहा मोटारी. टोळी एकच असेल तर ती आधी कोठे जाईल हे सांगायला अभियंता लागत नाही. त्यातून दवाखाना, पाणीपुरवठा, दूरसंचाराचे मनोरे यांना पुढचा नंबर. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केल्यापासून शेतीपंपाचा फीडर तर आपोआपच रांगेच्या शेवटी गेला. कालव्याच्या शेवटाला जमीन असणाऱ्याला टेलचा शेतकरी म्हणतात. विजेच्या बाबतीत आपण सगळेच टेलचे.

हा क्रम आम्हाला मान्य आहे, असे आम्ही स्पष्ट लिहितो. गावाच्या दवाखान्याआधी आमची मोटार चालू करा, असे म्हणणारा शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही.

लोकांना सर्वात जास्त चीड येते ती पहिल्या दिवशीच्या सामसुमीची. वादळ संपले, ऊन पडले, तरी कोणी काही करताना दिसत नाही. खरे म्हणजे त्या वेळी लाईन पाहणे चालू असते किंवा असायला पाहिजे. वादळात फीडर सबस्टेशनातच ट्रिप होतो. एरवी ऑपरेटर एकदा चालू करून पाहतो. फांदी घासून निघून गेली असेल तर फीडर टिकतो. पण मोठ्या वादळानंतर लाईन न पाहता फीडर चालू करणे म्हणजे कोणाचा तरी जीव घेणे. तार कोठे पडली आहे, गोठ्यावर की रस्त्यावर, ते माहीत नसते.

इथे आपल्या जमिनीचा एक धडा आहे, आणि तो शेतकी कॉलेजात आम्हाला कोणी शिकवला नव्हता. तार जमिनीवर पडली की फीडर बंद पडतोच, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. ओल्या जमिनीतून भरपूर प्रवाह जातो, सबस्टेशनातल्या रिलेला तो कळतो आणि ती फीडर तोडते. उन्हाळ्यात तडकलेल्या कोरड्या रानात, मुरमाड बरडावर किंवा डांबरी रस्त्यावर पडलेल्या तारेतून प्रवाह इतका थोडा जातो की रिलेला तो एखाद्या मोटारीच्या भारासारखा वाटतो. तार जिवंतच राहते. ठिणगी नाही, आवाज नाही, आणि बैल त्यावर पाय देतो. म्हणून पडलेली तार मेलेलीच आहे असे वायरमनने सांगितल्याशिवाय कोणी धरू नये. तिच्या आसपासची जमीनही भारलेली असते. दोन पावलांत अंतर असले तर एका पायातून दुसऱ्या पायात प्रवाह जातो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांतले अंतर माणसापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून माणूस वाचतो आणि जनावर जाते. तारेजवळ सापडलात तर पाय जुळवून, लहान लहान सरकती पावले टाकत दूर व्हा. काठीने तार बाजूला करण्याची मर्दुमकी नको. ओली काठीही वीज वाहते.

त्याच काळ्या जमिनीचा दुसरा गुण खांबाला भोवतो. कपाशीला जी भारी जमीन आपण मानतो ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षी हे फुगणे-आकसणे खांबाच्या बुडाशी चालू असते. खांबाच्या उंचीचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे आणि बुडाशी काँक्रीट पाहिजे. ठेकेदाराने खड्डा हातभर उथळ खणला, काँक्रीट कागदावरच घातले, की दोन-तीन पावसाळ्यांत खांब कलतो, तारा लोंबतात, आणि मग वादळाला फक्त बोट लावायचे काम राहते. डीपीच्या अर्थिंगचेही तसेच. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी टाकीत राहिले तर ते काम करते. मे महिन्यात भेगा पडलेल्या जमिनीत कोरडे अर्थिंग असून नसल्यासारखे. वादळाने डीपी जळाली असे पंचनाम्यात लिहितात. अनेकदा ती अर्थिंगने, तेल कमी असल्याने किंवा कटआऊटच्या जागी जाड तार घातल्याने जळालेली असते. त्यातली ती जाड तार कोणी घातली हे आपल्यालाही माहीत असते.

वायरमनविषयी दोन शब्द. खांबावर चढण्याआधी तो सबस्टेशनकडून परमिट घेतो, फीडर बंद झाल्याची खात्री करतो आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी तारा जमिनीशी जोडतो. यात अर्धा-पाऊण तास जातो आणि खाली उभे असलेले लोक ‘चढ ना लवकर’ म्हणून ओरडत असतात. तो अर्धा तास त्याच्या बायकोच्या कपाळाच्या कुंकवाचा आहे. गावात कोणी जनरेटर लावला आणि मेन स्विच पाडला नाही तर त्याची वीज उलटी लाईनवर चढते. डीपीतून उलट जाताना तिचा दाब वाढून ११ केव्हीच्या तारेवर मृत्यू तयार होतो. लग्नाच्या मांडवातला जनरेटरही त्याला पुरतो. ह्या टोळ्यांत आज बरेच जण कंत्राटी आहेत. कोणाच्या हातात रबरी मोजा आहे आणि कोणाच्या नाही, हे खाली उभे राहून आपण पाहू शकतो. नसेल तर त्याला चढू देऊ नका आणि वरच्या साहेबाला फोन करा.

आता बाहेरचा अनुभव. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. माडा-पोफळीच्या बागा तारांवर आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी बंद झाले, म्हणून लाईनीच्या आधी रस्ते मोकळे करावे लागले. त्यात करोनाची टाळेबंदी. दुसऱ्या जिल्ह्यांतून टोळ्या आणि साहित्य तिकडे गेले, तरीही आतल्या वाड्यांना आठवडे काढावे लागले. त्याआधी ३ मे २०१९ ला फनी वादळ ओडिशात पुरीजवळ आले तेव्हा लाखाहून अधिक खांब पडले आणि शेजारच्या राज्यांतून टोळ्या आल्या. भुवनेश्वरला टप्प्याटप्प्याने वीज आली. पुरी जिल्ह्यातील गावे मागे राहिली. अमेरिकेचा कारभार चोख असतो असे ज्यांना वाटते त्यांनी प्यूर्टो रिको बेट पाहावे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे मारिया वादळ झाले आणि डोंगरातल्या शेवटच्या घरांना वीज यायला जवळजवळ वर्ष लागले. सगळीकडे शेवटी राहिला तो लांबच्या फाट्यावरचा माणूस. आणि सगळीकडे उशीर ठरला तो वादळाच्या आधी गोदामात काय होते, किती माणसे होती आणि जुनी लाईन किती कुजलेली होती यावर.

विशाखापट्टणमला १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुदने झोडपले. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने शहरातील तारा जमिनीखाली घालण्याचे काम हाती घेतले गेले. चांगलेच झाले. एका वादळाने शहराला कायमचा इलाज मिळतो. आपल्या फाट्याला मात्र प्रत्येक वादळानंतर तोच वाकडा खांब सरळ करून मिळतो. असो.

तेव्हा क्रम मान्य, पण त्या क्रमाच्या आडून जे चालते ते मान्य नाही. लबाडी आम्ही म्हणतो ती ही.

पहिली गोष्ट मुदतीची. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ प्रमाणे वीज आयोग सेवेची मानके ठरवतो आणि ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई मिळते. ही भीक नव्हे. आयोगाच्या २०१४ च्या नियमांत ग्रामीण भागात जळालेली डीपी बदलण्यास ४८ तासांची मुदत होती. २०२१ मध्ये पुरवठा संहिता आणि कृतिमानकांचे नवे विनियम आले. त्यांची प्रत प्रत्येक तालुका शाखेने मागवून घ्यावी आणि बैठकीत वाचावी. आता मेख अशी की चक्रीवादळ, वीज कोसळणे, पूर अशा कारणांनी काम अडले तर कंपनीला त्या मानकांतून सूट असते. सूट असावीच. पण आमच्या एका तालुक्यात मे महिन्यातल्या वादळानंतर एका शेतीफीडरची डीपी अकराव्या दिवशी आली, आणि कार्यालयातून उत्तर मिळाले, ‘नैसर्गिक आपत्ती.’ आम्ही विचारले, वादळ किती वेळ होते? अर्धा तास. रस्ता बंद होता काय? नाही, त्याच रस्त्याने तुमची जीप आली. सबस्टेशन कधी चालू झाले? दुसऱ्या दिवशी. ११ केव्ही? चौथ्या दिवशी. मग पाचव्या दिवसापासून अकराव्या दिवसापर्यंत कोणते वादळ होते? डीपी शिल्लक नव्हती, असे शेवटी कबूल झाले. गोदाम रिकामे असणे ही नैसर्गिक आपत्ती नाही. वादळाची सूट वादळाने अडवले तेवढ्या काळाची. त्यानंतर घड्याळ चालू झाले पाहिजे, हे आमचे म्हणणे आहे आणि ते ग्राहक गाऱ्हाणे मंचापुढे आणि तिथून विद्युत लोकपालापुढे लेखी मांडायचे आहे.

त्यासाठी घड्याळ आपल्याकडे हवे. वायरमनला तोंडी सांगितलेली तक्रार कागदावर नसते. १९१२ ला फोन करून तक्रारीचा नंबर घ्या, तारीख-वेळ वहीत लिहा. अकरा दिवसांच्या त्या भांडणात आमच्याकडे एकाच शेतकऱ्याचा तक्रार नंबर होता आणि तोही चौथ्या दिवसाचा. पहिले तीन दिवस आमचे आम्हीच घालवले.

दुसरी गोष्ट थकबाकीची. डीपी जळाली की सांगण्यात येते, ह्या डीपीवरच्या सगळ्यांनी पैसे भरा, मग नवी देऊ. ज्याने भरले आहेत त्याचीही मोटार शेजाऱ्याच्या थकबाकीसाठी बंद. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे चालू बिल सरकारने आपल्याकडे घेतले आहे. ह्या फुकट विजेविषयी आमचे मत बरे नाही. ज्या मालाचा दाम देत नाही त्याच्या दर्जाविषयी भांडताना आवाज बसतो, हे आम्ही दरवेळी अनुभवतो. पण बिल सरकार भरते म्हणजे ते भरलेले आहे. भरलेल्या बिलाचा ग्राहक आपण आहोत, याचक नाही. आणि डीपी तालुक्यापर्यंत नेण्या-आणण्याला ट्रॅक्टर, हमाली, डिझेल, यांची वर्गणी गाव करते ते कंपनीचे काम गावाने केलेले असते. केले तर करा, पण त्याचा कागद करा: तारीख, ट्रॅक्टर कोणाचा, किती पैसे, आणि कोणी सांगितले.

तिसरी गोष्ट रांगेतल्या नंबराची. दवाखाना आधी, हे मान्य. पण गावाच्या नळयोजनेची विहीर कित्येक गावांत शेतीफीडरवर आहे. कार्यालयाच्या कागदावर ती ‘शेती’ म्हणून शेवटी जाते आणि सगळे गाव तहानेने बसते. अशा विहिरींची यादी करून ती डीपी पाणीपुरवठ्याच्या रांगेत घालून घ्यायचे काम मार्च-एप्रिलातच झाले पाहिजे. तसेच पिकाच्या घड्याळाचे. ऑक्टोबरातल्या परतीच्या वादळात फीडर गेला आणि बोंडे भरताना जमिनीत ओल संपलेली असेल, तर विहिरीचे एक संरक्षित पाणी हे त्या वर्षीच्या कपाशीचे अर्धे नशीब असते. पोटरीतल्या ज्वारीला चुकलेले पाणी नंतर दुप्पट दिले तरी कणीस भरत नाही. डोकी मोजून लावलेल्या क्रमात हे कोठेच मोजले जात नाही. सगळे शेतीफीडर शेवटी, हे ठीक. पण त्या शेवटच्यांमध्ये कोणता आधी, हे तरी पीक पाहून ठरवा. तारीख सांगा. आठ दिवस लागणार असतील तर आठ सांगा; शेतकरी डिझेल इंजिन भाड्याने आणील. ‘उद्या येते’ असे रोज ऐकून त्याने तेही आणले नाही आणि रान गेले, हे नुकसान तारेचे नाही, ते खोट्या शब्दाचे आहे.

सौरपंपाने हा प्रश्न सुटला, असे कोणी सांगतात. स्वतंत्र सौरपंपाला लाईन लागत नाही, हे खरे. पण वादळात त्याच्या पाट्या उडतात, आणि विम्याचे कागद ज्याने जपले नाहीत त्याची पंचाईत होते. सौर वाहिनी योजनेत मात्र प्रकल्प सबस्टेशनाजवळ असतो आणि वीज आपल्याकडे येते ती त्याच ११ केव्हीच्या तारेने, त्याच वाकड्या खांबांवरून. सूर्य नवा असला तरी खांब जुनाच आहे.

एक गोष्ट आपल्या हातातली. आठ दिवसांनी फीडर चालू होतो आणि दहा मिनिटांत पुन्हा जातो. लोक कपाळावर हात मारतात. होते असे की प्रत्येकाने मोटारीला ऑटो स्विच लावून ठेवलेला असतो. लाईन आली की सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. फीडर तो भार सोसत नाही. कधी आठ दिवस वाट पाहून बसवलेली डीपी त्याच रात्री जळते. लाईन येण्याआधी ऑटो बंद करा आणि डीपीवरच्या लोकांनी पाळी लावून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटारी सोडा. पंगतीत वाढप्याला जो दम आपण देतो तो डीपीलाही द्या.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा आहे. त्यावर गावातल्या प्रत्येक डीपीचा नंबर, तिच्यावर किती मोटारी, ती कोणत्या फीडरवर, वाकलेले खांब किती, तारेवर आलेली झाडे कोणाच्या बांधावर, अर्थिंगला शेवटचे पाणी कधी घातले आणि पिण्याच्या पाण्याची विहीर कोणत्या डीपीवर आहे, हे लिहायचे. फाट्यावरचा एबी स्विच हाताने फिरतो की गंजून बसला आहे, हेही वायरमनला विचारून लिहा. तो फिरत असेल तर बिघडलेला फाटा तोडून बाकीचा फीडर त्याच दिवशी चालू करता येतो आणि बसला असेल तर एका खांबासाठी पाच गावे अंधारात राहतात. हे कागद एकत्र करून अधीक्षक अभियंत्यांकडे पावसाळ्याआधी द्यायचे आहेत, पोच घेऊन. बांधावरच्या ज्या बाभळी-निंबाच्या फांद्या तारेला घासतात त्या लाईन बंद असताना, वायरमन समोर असताना, तोडू द्या. आपल्याच झाडाची फांदी आणि आपल्याच डीपीचा अंधार, ह्यावरून बैठकीत कोणी बोलायला उभे राहिले तर आमच्याकडे उत्तर असणार नाही.